हेरिटेज म्हणजे घर सरकारजमा?

‘इमारत हेरिटेज यादीत गेली की संपलंच, खिळाही ठोकता येत नाही!’ मुंबईत ही आवई वर्षानुवर्षे फिरतेय. ती खोटी आहे. 1995 च्या हेरिटेज नियमावलीने मालकी काढून घेतली नाही. घर मालकाचंच राहतं. वारसा समिती फक्त शिफारस करते, परवानगी देतात महापालिका आयुक्त. सगळ्या इमारतींना एकच मापही नाही. बोरीबंदर (आजचं सीएसएमटी) स्थानकासारख्या पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला खरोखरच फार जपावं लागतं. तिसऱ्या श्रेणीत मात्र आतून-बाहेरून बदलांना सहसा वाव असतो. इमारत धोकादायक ठरली तर पुनर्बांधणीलाही. बांधकामाचा हक्क बुडाल्यास त्याबदली टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद आहे. फाईल रखडते, ही तक्रार वेगळी, आणि रास्त.