टाकाऊ प्लाझ्मातली मोजदाद

गरोदर बाईच्या दंडातून रक्त काढून होणाऱ्या ‘एनआयपीटी’मध्ये (पोटात सुई न घालता होणाऱ्या गर्भ-तपासणीत) बाळाचा डीएनए वाचून डाउन सिंड्रोम ‘दिसतो’, असा सर्रास समज आहे. दिसत काहीच नाही. नुसती मोजदाद होते.

ही वाट दाखवणारे डेनिस लो हाँगकाँगचे. केंब्रिज-ऑक्सफर्डला डॉक्टरी शिकता शिकता पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राच्या, नादी लागले. आईच्या रक्तातल्या गर्भाच्या मोजक्या पेशी शोधण्यात बरीच वर्षं गेली. 1996 साली कॅन्सरच्या गाठीचा डीएनए रुग्णांच्या प्लाझ्मात सापडल्याचं त्यांनी वाचलं, आणि पेशी काढून घेतल्यावर उरणारा जो प्लाझ्मा (रक्तातला द्रव) टाकून द्यायचे तोच तपासायला घेतला. कृती इन्स्टंट नूडल्सची: पाच मिनिटं उकळा, त्यातले दहा मायक्रोलिटर पीसीआरला लावा. पोटात मुलगा असलेल्या 30 पैकी 24 जणींच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्र सापडलं. मुलगी असलेल्या 13 पैकी एकीच्याही नाही. हे 1997 साली छापून आलं.

आता मोजणी. प्लाझ्मातल्या डीएनए-तुकड्यांपैकी दहा टक्के गर्भाकडचे, बाकी आईचे असं धरू. ते वेगळे करायचेच नाहीत. एकूण तुकड्यांत 21 व्या गुणसूत्राचे सुमारे 1.3 टक्के. गर्भात ते दोनाऐवजी तीन असेल (हाच डाउन सिंड्रोम) तर गर्भाच्या वाट्यातले तुकडे दीडपट. पण वाटाच दहा टक्के, म्हणून एकूण वाढ फक्त पाच टक्के. एक लाख तुकडे वाचले तर 1,300 ऐवजी 1,365 मिळतील. मात्र निव्वळ योगायोगाचा चढउतार 1,300 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे 36. 65 ची वाढ त्याच्या दुप्पटही नाही, म्हणजे तीही योगायोगच असू शकते. एक कोटी वाचा: 1,30,000 वर 6,500 ची वाढ, चढउतार 360. शंकेला जागा नाही. 2008 मध्ये लो आणि स्टॅनफर्डचे स्टीफन क्वेक यांच्या गटांनी हे स्वतंत्रपणे करून दाखवलं. (डीएनएतल्या जी-सी अक्षरांच्या प्रमाणानुसार सीक्वेन्सर, म्हणजे डीएनए वाचणारं यंत्र, काही तुकडे कमी-जास्त वाचतो, ती दुरुस्ती आधी करावी लागते.)

रक्त साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात, आईचा डीएनए वाढतो आणि गर्भाचा वाटा घसरतो. म्हणून सहा तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करायचा, तोही दोनदा फिरवून: 1,600 जीला (गुरुत्वाकर्षणाच्या 1,600 पट जोराने) दहा मिनिटं, मग 16,000 जीला दहा. नाहीतर खास नळी वापरायची. आईचं वजन जास्त असलं तरी वाटा कमी भरतो. खरी गोम वेगळीच: हे ‘गर्भाचे’ तुकडे मुख्यतः वारेचे (प्लासेंटाचे). वारेत दोष आणि बाळ ठणठणीत, असंही होतं. जाहिरातीतल्या ‘99 टक्के’ला भुलून निर्णय घेऊ नये, ‘हाय रिस्क’ आल्यावर गर्भजल तपासणी हवीच. आणि पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगणाऱ्यांना विज्ञानाचा आधार नाही, तर या तपासणीतून लिंग सांगायला आपल्याकडे कायद्याची बंदी आहे. महाराष्ट्राने पहिला कायदा 1988 मध्येच केला.

लो यांच्या पेटंटचा परवाना सिक्वेनॉम कंपनीकडे होता. 2011 मध्ये तिने तपासणी बाजारात आणली. 2015 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने ते पेटंट अवैध ठरवलं, कारण रक्तातला डीएनए निसर्गाचाच. लो यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली सिरिना ही कंपनी मग रक्तातून कॅन्सर शोधण्यामागे लागली आणि 2017 मध्ये ग्रेल या कंपनीत विलीन झाली. त्याच वर्षी त्यांच्या गटाने 20,174 पुरुषांच्या प्लाझ्मात एपस्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधून या विषाणूशी निगडित असे नाकामागच्या घशाचे 34 कॅन्सर पकडले, बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यातले.