मॅनरिझम

इटलीत साधारण १५२० ते १६०० या काळात, प्रथम फ्लॉरेन्स व रोम येथे बहरलेली चित्रशैली. मराठीत तिला रीतिलाघववाद असेही म्हणतात. नावाच्या मुळाशी ‘मानिएरा’ हा इटालियन शब्द आहे. अर्थ रीत, ढब. चित्रकार व चरित्रकार जॉर्जो व्हाझारी हा शब्द गौरवाने वापरी. सतराव्या शतकात कलासमीक्षक बेल्लोरीने मात्र, निसर्ग सोडून केवळ हाताच्या सवयीने रंगवणे, असा ठपका त्याच शब्दाने ठेवला.

हे प्रबोधनकालीन कलेविरुद्धचे बंड, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. यथार्थदर्शन (सपाट चित्रात खोलीचा भास), शरीररचना, समतोल मांडणी ही राफाएलच्या पिढीने सिद्ध केलेली साधनेच या चित्रकारांनी वाकवली. वाकवण्याची सुरुवात तर मायकेलअँजेलोनेच केली होती. रोममधील सिस्टीन चॅपेलच्या छतावर त्याने रंगवलेले (१५०८–१२) पिळदार देह आणि झगझगीत रंग पुढच्या पिढीने घोटून घेतले. १५२७ मध्ये सैन्याने रोम लुटले, त्या लुटीलाही या शैलीच्या जन्माचे कारण मानतात. पण चित्रकार रोस्सोचे व्होल्टेर्रातील ‘वधस्तंभावरून अवतरण’ (ख्रिस्ताचा देह क्रूसावरून उतरवण्याचा प्रसंग) १५२१ चे आहे. लुटीने शैली जन्मली नाही, चित्रकार पांगले. रोस्सो पुढे फ्रान्समध्ये फाँतेनब्लोच्या राजवाड्यात गेला आणि शैलीही तिकडे पोचली.

याच शैलीतील पोन्तोर्मोने फ्लॉरेन्सच्या सान्ता फेलिचिता चर्चमध्ये १५२५–२८ दरम्यान रंगवलेले वेदीचित्र जवळून पाहावे. त्यात क्रूस नाही, शिडी नाही, थडगेही नाही. ख्रिस्ताचा देह खाली उतरवताहेत की पुरायला नेताहेत, ठरत नाही. पुढचा तरुण चवड्यांवर बसून प्रेताचा भार पेलतो, जे प्रत्यक्षात अशक्य आहे. जमीन जेमतेम दिसते, त्यामुळे माणसे एकमेकांवर रचल्यासारखी तरंगतात. रंगांचे तंत्रही ओळखून घ्यावे. कापडाच्या घडीत सावली आणताना मूळ रंग गडद न करता दुसराच रंग लावतात, गुलाबीच्या घडीत हिरवा असा. याला ‘कांजान्ते’ म्हणतात. ही क्लृप्ती जुनीच. पोन्तोर्मोने ती शोकाच्या प्रसंगाला लावली, आणि चित्राची अस्वस्थता तिथूनच येते.

प्रबोधनकालीन आकृती एका पायावर भार टाकून सैल उभी राहते. इथे तीच ज्वालेसारखी वर पिळत जाते. चित्रकार व लेखक लोमाझ्झोच्या १५८४ च्या ग्रंथात या सर्पिल आकृतीचे विवेचन आहे. पार्मिजानिनोच्या ‘लांब मानेची मॅडोना’ (येशूची आई मेरी) या चित्रात (१५३४–४०) मान, बोटे, मांडीवरचे बाळ, सारेच ताणलेले आहे. पण मागचा भाग अपुरा राहिला आहे, म्हणून तिथली प्रत्येक विचित्रता हेतुपुरस्सर समजू नये.

शैली बिघडली ती नकलेने. कारण नसताना घेतलेला पीळ नुसती कसरत दिसतो. व्हाझारीने १५४६ मध्ये रोमच्या कांचेल्लेरिया प्रासादातील दालन मदतनिसांसह शंभर दिवसांत रंगवून उरकले, तिथे भिंती भरल्या आहेत, नजर ठरत नाही. १५८० नंतर बोलोन्यात कारॅची घराण्यातील चित्रकार पुन्हा जिवंत माणूस समोर बसवून रेखाटू लागले.