टोमॅटोची पिशवी घरी नेल्यानंतर

टोमॅटोचं रोप लावायला आमच्याकडून नेलेली पिशवी १२ बाय १२ इंचांची आहे. तिच्यात गांडूळखत, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पूर्ण कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड आहे. माती नाही, आणि ती मुद्दामच घातलेली नाही. पिशवीतलं थोडं खत काढून ठेवायचं आणि त्या जागी अंगणातली काळी माती भरायची, असं बरेच जण करतात. कृपा करून करू नका. काळी माती पिशवीत घट्ट बसते, खालची भोकं बुजतात आणि गच्चीवर उगाच दुप्पट वजन चढतं. आमची पिशवी पाणी पिऊन साधारण पंधरा किलोची होते. तरीसुद्धा दहा-बारा पिशव्या ठेवणार असाल तर त्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीच्या कडेने, तुळईच्या रेषेत मांडा. प्रत्येक पिशवीखाली दोन विटा ठेवा. पाणी मोकळं निघून जातं आणि स्लॅबवर ओल साचत नाही.

एका पिशवीत एकच रोप. दोन लावली की दोन्ही उपाशी.

कधी लावायचं

गणपती उठले, पाऊस ओसरला की लावा. तेव्हा लावलेल्या रोपाला नाताळच्या आसपास पिकलेली फळं मिळतात आणि फुलं थंडीत येत असल्याने गळत नाहीत. मुंबई-कोकणातल्या गिऱ्हाइकांना आम्ही जून-जुलैत रोप देतच नाही. संततधारेत पिशवीतलं खत धुऊन जातं, मुळं गुदमरतात आणि पानांवर करपा येतो. जानेवारीत लावलेलं रोपही चालतं, पण विदर्भ-मराठवाड्यात घाई करा. दिवस ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की फुलं देठापासून गळतात. मग कितीही खत घाला, फळ धरत नाही. कडक उन्हात पिकणारी फळं लाल न होता पिवळट-नारिंगी राहतात, तोही जातीचा दोष नव्हे. फळाचा लाल रंग तीस अंशांच्या वर नीट तयारच होत नाही. अशी फळं रंग धरू लागली की तोडून घरात ठेवा, टोपलीत पिकतील. फ्रिजमध्ये मात्र नको.

ऊन किमान सहा तास हवं. पूर्वेची बाल्कनी थंडीत कशीबशी पुरते, उत्तरेची नाही.

रोप कसं लावायचं

रोप संध्याकाळी लावा. खालची पानं काढून टाका आणि अर्धं खोड पिशवीत जाईल इतकं खोल लावा. मिरचीचं, वांग्याचं रोप इतकं पुरू नये, पण टोमॅटोच्या खोडाला जिथे ओल लागते तिथे मुळं फुटतात. बांबू त्याच दिवशी रोवा, महिन्याने रोवलात तर मुळं तुटतात. सुतळी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

जातीबद्दल विचारतात म्हणून: रोगाची धास्ती असेल तर अर्का रक्षक घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा हा संकरित वाण पानांचा चुरडामुरडा, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतो. पण त्याचं बी धरून ठेवू नका, पुढच्या पिढीत ते गुण राहत नाहीत. घरचं बी धरायचं असेल तर पुसा रुबी घ्या. चवीला आंबटसर, सार आणि आमटीसाठी आम्हाला तोच आवडतो. लहान मुलं असतील तर एक चेरी टोमॅटो लावाच. फळं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाहीत ही गोष्ट वेगळी.

पाणी

या पत्रकातलं बाकी काही नाही वाचलंत तरी एवढं वाचा. नारायणगावच्या शेतात टोमॅटोची मुळं दोन-दोन फूट खाली जातात. दोन दिवस पाणी चुकलं तरी झाड खालची ओल ओढून घेतं. तुमच्या पिशवीला तळ आहे, तो एका फुटावर. पिशवीतली झाडं खत कमी पडून क्वचित जातात. बहुतेक वेळा ती पाण्याच्या धरसोडीने जातात.

थंडीत मोठ्या झाडाला रोज एक-दीड लिटर, मार्चनंतर दोन ते तीन लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. हा अंदाज झाला. खरं ते बोटाने बघा. कोकोपीट वरून फिकं, कोरडं दिसतं आणि आत चांगलं ओलं असतं, म्हणून दोन पेरं बोट आत घाला. ओलं लागलं तर थांबा.

चार दिवस गावाला जाऊन आलात आणि पिशवी वाळली, तर आणखी एक फसगत होते. वाळलेलं मिश्रण आक्रसून पिशवीच्या कडेला बोटभर फट पडते. पाणी ओतताक्षणी खालून वाहतं, आपल्याला वाटतं भिजलं, आणि मधलं मुळांचं ढेकूळ कोरडं ते कोरडंच. अशा वेळी फट बोटांनी दाबून बुजवा, तांब्याने थोडं थोडं पाणी घाला, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. एकदम बादली ओतलीत तर झाडावरची तयार फळं तडकतात.

दुकानात सर्वात जास्त येणारी तक्रार म्हणजे फळाचं बूड काळं पडून चामड्यासारखं होणं. तो रोग नाही, कीडही नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाण्यात खंड पडला की जे काही येतं ते पानं ओढून घेतात आणि फळाचं टोक कोरडं राहतं. यावर अंड्याची टरफलं टाकायला सांगणारे पुष्कळ आहेत. टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. पाणी नियमित करा, वर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन घाला. काळी झालेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील.

खत आणि फुटवे

पिशवीतलं खत पहिली फुलं येईपर्यंत पुरतं, साधारण महिना-दीड महिना. पुढे दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत वरच्या थरात मिसळा. रासायनिकचं वावडं नसेल तर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा. युरिया नकोच. झाड हिरवंगार, डोक्याएवढं होईल आणि फूल दिसणार नाही.

उंच वाढणाऱ्या जातींमध्ये पान आणि खोड यांच्या बेचक्यात निघणारे फुटवे बोटभर असतानाच खुडा. झुडपी जातींचे खुडू नका. बंद बाल्कनीत वारा आणि मधमाश्या नसतात, तिथे सकाळी फुलांच्या देठाला हलकी टिचकी मारली की परागकण झडतात आणि फळ धरतं.

कीड

रोज एक पान उलटून बघा. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि चुरडामुरड्याचा विषाणू तीच पसरवते. पिवळे चिकट सापळे टांगा. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून पानांच्या खालून फवारा. पानं वाटीसारखी वळून झाड खुरटलं तर त्यावर औषध नाही. उपटून बंद पिशवीत टाका, शेजारची झाडं तरी वाचतील.

हंगाम संपल्यावर मिश्रण फेकू नका. मुळं काढा, चौथा हिस्सा नवं गांडूळखत मिसळा आणि त्यात मेथी, पालक किंवा कोथिंबीर घ्या. लगेच टोमॅटो, वांगी, मिरची नको. त्यांचे बरेच रोग सारखेच.

काही अडलं तर एखादं पान घेऊन दुकानात या, बघून सांगतो. पान मात्र प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणा, आमचीही रोपं तिथेच असतात.