शांतिनिकेतनात पदवीसोबत सप्तपर्णीची पानं द्यायची प्रथा का पडली?

शांतिनिकेतनातल्या विश्वभारती विद्यापीठाच्या पदवीदानात विद्यार्थ्यांना सप्तपर्णीची पानं द्यायचे (अलीकडे सगळ्यांच्या वतीने प्रतीक म्हणून एकच पान देतात) हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण हेच झाड का, ती गोष्ट युनिव्हर्सिटीच्याही जवळपास साठ वर्षं आधीची आहे.

रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकूर बीरभूममधल्या रायपूरच्या सिन्हा जमीनदारांकडे निघाले होते, बोलपूरजवळ तेव्हा सगळा लाल मातीचा उघडा माळ, सावली म्हणून काय ती सप्तपर्णीची दोन झाडं, बंगालीत छातिम म्हणतात, त्यांच्याखाली ते टेकले, ध्यानाला बसले आणि जागा इतकी मनात भरली की १८६३ मध्ये सिन्हांकडूनच २० बिघे जमीन वर्षाला ५ रुपये भाड्याने कायमच्या पट्ट्यावर घेतली. तिथे बांधलेल्या घराचं नाव शांतिनिकेतन. म्हणजे आधी झाड, मग घर, १९०१ ला रवींद्रनाथांची शाळा आणि १९२१ ला विश्वभारती! मला हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण हे चिन्ह कुणी मीटिंग घेऊन ठरवलेलं नाही, सगळी संस्थाच त्या सावलीतून वाढलीये. मुलांचे वर्गही झाडांखालीच भरायचे, अजूनही भरतात.

त्या जागेला छातिमतला म्हणतात. तिथे देवेंद्रनाथांचे ईश्वराबद्दलचे शब्द कोरलेत, 'तो माझ्या प्राणाचा विसावा, मनाचा आनंद, आत्म्याची शांती'. देवेंद्रनाथांनी ब्राह्मधर्माची (ब्राह्मो समाजाच्या एकेश्वरवादी पंथाची) दीक्षा घेतली तो दिवस बंगाली ७ पौष, म्हणून दरवर्षी त्या दिवशी सकाळी इथे उपासना होते आणि पौष मेळाही तेव्हाच.

झाड आपल्या ओळखीचंच आहे, कोकणात सातवीण म्हणतात, पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला भरपूर लावलंय, ऑक्टोबरच्या आसपास संध्याकाळी त्याचा उग्र वास सुटतो आणि मग लोक डोकं दुखतं म्हणून तक्रारी करतात. पण याच्या हलक्या लाकडाच्या पाट्यांवर पूर्वी मुलं अक्षरं गिरवायची, शास्त्रीय नावातलं 'स्कॉलॅरिस' त्यावरूनच आलंय, त्यामुळे विद्यापीठाला याहून शोभेल असं दुसरं झाड मला तरी सुचत नाही.

देवेंद्रनाथ बसले होते ती मूळ दोन झाडं आता नाहीत, ती गेल्यावर त्याच जागी नवीन छातिम लावले, भोवती कुंपण आहे आणि एरवी आत जाऊ देत नाहीत. ते बरोबरच आहे, इतक्या माणसांच्या पायाखाली मुळं टिकली नसती.