सिमचा की वायफायचा?

दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांतले बोनस जमा झाले की एम. जी. रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मागच्या दिवाळीला शेजारच्या भाऊंसोबत मीही त्या गर्दीत होतो. भाऊंना त्यांच्या वडिलांसाठी टॅब घ्यायचा होता. अण्णांना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत आणि पेपर वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. दुकानातल्या पोराने मान वर न करताच विचारलं, "काका, सिमचा की वायफायचा?" भाऊ माझ्याकडे बघायला लागले. माझ्याही तोंडून पटकन उत्तर निघेना. हातात मावणारं, इंटरनेटसाठीच बनवलेलं यंत्र घ्यावं की नाही, हा घोळ वीस वर्षांचा आहे आणि त्याचं घोडं दरवेळी याच प्रश्नाशी अडलेलं आहे.

कल्पना तर त्याहून जुनी. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी १९७२ साली 'डायनाबुक' नावाच्या, वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला, तोही लहान मुलांसाठी. तो तसा कधी बनला नाही. अ‍ॅपलचं 'न्यूटन' १९९३ मध्ये आलं, हस्ताक्षर ओळखताना ते करत असलेल्या गोंधळाची भरपूर टिंगल झाली आणि १९९८ मध्ये ते गुंडाळलं गेलं. मायक्रोसॉफ्टचा २००२ चा 'टॅबलेट पीसी' म्हणजे पेन दिलेला लॅपटॉपच. इंटरनेट हे यातल्या कशाचंही मुख्य काम नव्हतं.

आपल्याकडचा सिम्प्युटर नावाचा हातात मावणारा संगणक मात्र आज कोणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी मिळून १९९८ च्या सुमारास तो योजला. २००१ मध्ये नमुना दाखवला गेला आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने 'अमिडा' या नावाने तो बाजारात आला. किंमत दहा हजारांच्या आसपास. एक यंत्र सगळ्या गावात फिरावं, ज्याने त्याने आपलं स्मार्ट कार्ड घालून आपापलं काम करावं, ही त्यामागची मूळ कल्पना. यंत्र तिरकं केलं की पान उलटायचं, आणि आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती! पण दहा हजारांत लोकांना बोलता येणारी वस्तू हवी होती, आणि मोबाइल तर दर महिन्याला स्वस्त होत होते.

'इंटरनेट टॅबलेट' हे नाव रुळलं ते नोकियामुळे. मे २००५ मध्ये नोकिया ७७० जाहीर झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रीला आला, साधारण ३५० युरोंना. जगात सगळ्यात जास्त मोबाइल विकणाऱ्या कंपनीने असं यंत्र काढलं, की ज्यावरून फोनच लागत नव्हता. आत लिनक्सवर बेतलेली 'माएमो' प्रणाली, ६४ एमबी रॅम, टोकदार काडीने चालवायचा ४.१ इंची पडदा. आजच्या फोनशेजारी तो पोरकट दिसेल. पण तेव्हा कॉलेज रोडवर ज्याच्या खिशात नोकियाचा ६६०० हा फोन असे त्याचा भाव वधारलेला असे, आणि त्या ६६०० चा पडदा होता १७६ बाय २०८ ठिपक्यांचा. ७७० चा ८०० बाय ४८०. म्हणजे दहापट ठिपके. वेबसाइटचं अख्खं पान, जसं कॉम्प्युटरवर दिसतं तसं, तळहातावर.

माझ्या आतेभावाने २००६ च्या उन्हाळ्यात परदेशातून येताना एक आणला होता. गंगापूर रोडला आत्याकडे आम्ही पाचसहा जण त्याच्याभोवती गोळा झालो. यंत्र झकास होतं, फक्त त्याला पाजायला इंटरनेट नव्हतं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झालं होतं. त्याच महिन्यात सरकारने वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींना घराबाहेरही परवान्यातून मोकळं केलं होतं. पण आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आलं होतं, त्यांच्या मोडेमची वायर टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्यात जाऊन संपायची. घरभर वायफाय ही चैन होती. मग उरला दुसरा मार्ग: ब्लूटूथने ७७० मोबाइलला जोडायचा आणि मोबाइलच्या जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या संथ मोबाइल इंटरनेटवर, नेट चालवायचं. त्या काळी काही वर्षं १० केबीला १० पैसे असा दर सर्रास असे. तीनशे केबीचं एक पान उघडलं की तीन रुपये गेले. आतेभावाने पहिल्याच संध्याकाळी वीसेक पानं उघडली आणि आत्याने मोबाइल काढून घेतला.

त्यात आणखी एक अडचण अशी, की तिचा विचार नोकियाच्या फिनलंडमध्ये बसून कोणी करणं शक्यच नव्हतं. युनिकोड या सगळ्या यंत्रांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी तेव्हाची बरीच मराठी वर्तमानपत्रं आपापल्या खास फॉन्टमध्ये निघायची. घरच्या विंडोजवर तो फॉन्ट उतरवून घेतला तर बातमी दिसे, नाहीतर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. हातातल्या यंत्रावर तर खिचडीच. त्यामुळे नाशिकच्या माणसाने तेव्हा इतके पैसे मोजून नेमकं वाचायचं काय, याचं उत्तर 'इंग्रजी' एवढंच होतं.

जानेवारी २००७ मध्ये एन८०० आला, वर्षअखेरीस सरकता कीबोर्ड आणि जीपीएस असलेला एन८१०. एन८०० सोबतची नवी प्रणाली जुन्या ७७० ला अधिकृतपणे मिळाली नाही. 'हॅकर एडिशन' म्हणून एक आवृत्ती हौशी मंडळींसाठी सोडली गेली, तीही चालवायची ती आपल्या जबाबदारीवर. यंत्र बाजारात येऊन चौदा महिने झाले होते. आज कोणी टॅबबद्दल विचारलं की मी रॅम आणि कॅमेऱ्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते बघायला सांगतो. ती सवय तेव्हाची. मग २००९ च्या अखेरीला एन९०० आला आणि त्यात सिम होतं. दुकानातल्या पोराच्या प्रश्नाला कंपनीने स्वतःच असं उत्तर दिलं.

मधल्या काळात ऑक्टोबर २००७ मध्ये असुसचा ई पीसी हा छोटा लॅपटॉप निघाला होता. पडदा सात इंची, ठिपके तेच ८०० बाय ४८०, पण सोबत कीबोर्ड. छोटे लॅपटॉप चालले, टॅबलेट पुन्हा हौशी लोकांपुरता राहिला.

आयपॅडची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. भारतात तो २८ जानेवारी २०११ ला आला. सगळ्यात साधा, वायफायचा, २७,९०० रुपयांना. थ्रीजीचं सिम घेणारा ३४,९००. एका सिमच्या खाचेचे सात हजार! त्याआधी दोनेक महिने सॅमसंगचा सात इंची गॅलक्सी टॅब आला होता. त्यावरून थेट फोन करता येई, आणि पाटीएवढी वस्तू कानाला लावून बोलणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. पण अडाणी कोणी नव्हतं त्यात. एवढे पैसे मोजून फोन वेगळा बाळगायचा, हे लोकांना पटत नव्हतं, बस.

आणि मग 'आकाश', विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी टॅब. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी तो सादर केला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. डेटाविंड कंपनीकडून सरकारने तो साधारण सव्वादोन हजारांना घेतला, विद्यार्थ्याला त्याहून स्वस्त मिळणार होता. 'जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट' म्हणून मथळे झळकले. टीका झाली ती जोर लावून दाबाव्या लागणाऱ्या पडद्यावर, लवकर उतरणाऱ्या बॅटरीवर. मला त्याहून मोठी गोची वाटते ती ही, की विद्यार्थ्यांचा आकाश फक्त वायफायवर चालणारा होता. २०११ मध्ये सुरगाणा किंवा पेठसारख्या आदिवासी तालुक्यातल्या पोराने वायफाय आणायचं कुठून? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश २ आला, पडदा आणि प्रोसेसर दोन्ही सुधारून. तोवर उत्साह ओसरला होता.

आकाश आला त्याच ऑक्टोबरात सॅमसंगचा ५.३ इंची गॅलक्सी नोट विक्रीला आला, आणि फोन फुगायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. हातात मावणाऱ्या टॅबची जागा फोनने अशी गिळली. मराठीची अडचणही हळूहळू मिटली. अँड्रॉइड २.२ च्या दिवसांत मराठी पान उघडलं की ओळीने चौकोन दिसायचे. २०१४ मधल्या अँड्रॉइड ५ पासून सगळी प्रणालीच मराठीत करता येऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि केबी मोजून नेट वापरण्याचा काळ संपला. लासलगावचा कांद्याचा भाव आता बांधावर उभं राहून कळतो, पण त्यासाठी टॅब कोणी घेत नाही.

टॅबला पुन्हा मागणी आली ती २०२० मध्ये, शाळा बंद झाल्यावर. घरात फोन एक आणि ऑनलाइन तास दोन मुलांचे, अशी ती वेळ होती. पाड्यांवरची मुलं रेंजसाठी टेकडी चढत होती, तिथे पडदा सहा इंची की दहा इंची याला अर्थ नव्हता.

तर दुकानात भाऊंनी वायफायचा घेतला, दहा इंची. सिमचा महाग पडत होता आणि "नेट काय, माझ्या फोनवरून देईन" असं त्यांचं म्हणणं. आतेभावाचा ७७० मला तिथेच आठवला, पण मी काही बोललो नाही. अक्षर मोठं करून दिलंय, अण्णा खुशीत आहेत. सकाळचा पेपर, मग गोदावरीला किती पाणी सोडलं ते, मग कीर्तन. दुपारी अडीचला भाऊ सेकंड शिफ्टला निघतात. फोन त्यांच्या खिशात. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच ओट्यावरून अण्णांची हाक येते, "अरे, याचं कीर्तन थांबलं!"