आवाज दाखवणारं यंत्र : फोनॉटोग्राफची पार्श्वभूमी

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण १८७७ पासून, एडिसनच्या फोनोग्राफपासून मोजतो. आवाज कागदावर उतरला होता मात्र त्याच्या वीस वर्षं आधी, आणि तो उतरवणारा होता पॅरिसच्या छापखान्यात काम करणारा एक माणूस. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिन्व्हिलनं २५ मार्च १८५७ रोजी फोनॉटोग्राफचं पेटंट घेतलं.

रचना मानवी कानावरून घेतलेली. आवाज गोळा करणारं मोठं नरसाळं, त्याच्या अरुंद टोकाला ताणलेला पातळ पडदा आणि पडद्याला चिकटवलेला एक राठ केस. समोर नळकांड्यावर दिव्याची काजळी धरलेला कागद गुंडाळायचा. दांडा फिरवत नरसाळ्यात बोललं, की केस थरथरत काजळी खरवडतो आणि पांढरी नागमोडी रेघ उमटते. आवाज परत ऐकवावा, हा हेतूच नव्हता. स्कॉटला बोलणं डोळ्यांनी वाचायचं होतं.

तसं वाचन कधीच जमलं नाही. यंत्राला जागा मिळाली ती भौतिकशास्त्राच्या वर्गात, आणि त्याचं श्रेय रुडॉल्फ क्योनिगचं. व्हायोलिन बनवायला शिकलेल्या या कारागिरानं १८५८ मध्ये पॅरिसला ध्वनिशास्त्राच्या उपकरणांचा कारखाना काढला आणि पुढच्याच वर्षी फोनॉटोग्राफ बनवायला घेतला. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे त्याची उपकरणं जात. टोरोंटो विद्यापीठानं जपलेला त्यांचा संच आजही आहे.

शिकवण्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. आवाजाच्या रेघेशेजारीच माहीत असलेल्या वारंवारतेच्या नादकाट्याची रेघ उमटवायची. समजा, सेकंदाला २५० कंपनांच्या काट्याच्या २५ लाटा जेवढ्या लांबीत बसल्या, तेवढ्याच लांबीत दुसऱ्या सुराच्या ४० बसल्या. तर तो सूर ४०० कंपनांचा. हात एकसारखा फिरला नाही तरी बिघडत नाही, कारण दोन्ही रेघा एकाच वेळी आखलेल्या असतात. कंपन ही मानून घ्यायची गोष्ट न राहता विद्यार्थ्याला बोटानं मोजता येऊ लागली. पुढे काजळी धरलेली काच खाली सोडून नादकाट्याची वारंवारता काढण्याचा प्रयोग रूढ झाला, तो याच कुळातला.

स्कॉट १८७९ मध्ये वारला. त्याचे कागद मुके होते ते २००८ पर्यंत. त्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी ९ एप्रिल १८६० ची रेघ संगणकावर वाचून तिचा आवाज केला. फ्रेंच लोकगीताची एक ओळ ऐकू आली, आणि ती एखाद्या मुलीनं गायली असावी असं सगळ्यांना वाटलं. नंतर कळलं, की वेग दुप्पट धरला गेला होता. वेग निम्म्यावर आणल्यावर संथ, पुरुषी आवाज आला. तो बहुधा स्कॉटचाच.