नफा आणि सामाजिक जबाबदारी यांचा मेळ

व्यवसायातून नफा मिळवणे आणि त्या नफ्यासाठी ज्यांचे श्रम, आरोग्य, हवा-पाणी व विश्वास खर्ची पडतो त्यांचे देणे चुकते करणे, या दोन गोष्टी एकाच उद्योगात कशा सांभाळाव्यात, हा अर्थशास्त्र, कंपनी कायदा आणि व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही शाखांतला जुना प्रश्न आहे. ‘सामाजिक जबाबदारी’ म्हटले की सहसा देणग्या आणि वृक्षारोपण डोळ्यांसमोर येते. परंतु वर्षअखेरीस हाती उरलेल्या नफ्यातून काय दिले, हा या विषयाचा तुलनेने सोपा भाग होय. अवघड भाग नफा कमावतानाचा आहे : वेतन किती द्यायचे, सांडपाणी कोठे सोडायचे, सदोष निघालेला माल बाजारातून परत घ्यायचा की नाही, आणि हे सारे निभावताना भांडवल घालणाऱ्याने किती परताव्यावर समाधान मानायचे.

यांतला शेवटचा मुद्दा किती जुना आहे, हे ब्रिटिश उद्योजक रॉबर्ट ओवेनच्या उदाहरणावरून दिसते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार त्याने १८०० मध्ये हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्याने बंद केले, कामगारांची घरे सुधारली आणि पुढे त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. गिरण्या तोट्यात नव्हत्या. तरीही हा खर्च त्याच्या भागीदारांना खुपत होता. अखेर १८१३ मध्ये त्याने भागीदारच बदलले. भांडवलावर ५ टक्के परतावा घेऊन बाकीचा पैसा वस्तीच्या कामी लावण्यास नव्या मंडळींची तयारी होती, आणि त्यांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमही होता. ओवेनचा प्रयोग तगला तो त्याच्या दयाळूपणाइतकाच या ५ टक्क्यांच्या करारामुळे, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

असा करार नसेल तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतील डॉज विरुद्ध फोर्ड मोटर कंपनी या खटल्यात मिळतो. हेन्री फोर्डने १९१६ मध्ये भागधारकांना मिळणारा विशेष लाभांश थांबवला. मोटारीची किंमत ४४० डॉलरवरून ३६० डॉलरवर आणायची, नवा कारखाना उभारायचा आणि उद्योगाचा फायदा अधिकाधिक लोकांपर्यंत पोचवायचा, असे त्याने न्यायालयात सांगितले. कंपनीत १० टक्के हिस्सा असलेल्या डॉज बंधूंनी याविरुद्ध दाद मागितली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये निकाल दिला की व्यापारी कंपनी प्रामुख्याने भागधारकांच्या नफ्यासाठी चालवली जाते, आणि सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर लाभांश वाटण्याचा हुकूम केला. कारखान्याच्या विस्ताराला मात्र हात लावला नाही. डॉज बंधू तोवर स्वतःच्या मोटारी बनवू लागले होते, त्यामुळे लाभांश अडवला की प्रतिस्पर्ध्याची रसदही तुटत होती. फोर्डचे लोककल्याण कितपत निखळ होते, याविषयी म्हणूनच शंका घेतली जाते.

याच वादाला १९३१–३२ मध्ये शास्त्रीय रूप आले. व्यवस्थापकांच्या हाती आलेली सत्ता ही भागधारकांसाठी विश्वस्त म्हणून वापरायची आहे, असे अमेरिकन कायदेपंडित अडॉल्फ बर्ली यांचे म्हणणे होते, तर कंपनी ही समाजसेवेचीही संस्था आहे, असे त्यांच्याच क्षेत्रातील मेरिक डॉड मांडत होते. अर्थशास्त्रज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ मध्ये उद्योजकाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांचा पद्धतशीर विचार केला, आणि वाद डॉड यांच्या बाजूने लागल्याचे बर्ली यांनी पुढच्याच वर्षी मान्य केले. तो मिटला मात्र नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या लेखात नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी ठरवली : व्यवस्थापक हा मालकांचा नोकर असतो, आणि मालकांच्या पैशाने समाजकार्य करणे म्हणजे निवडून न येता कर बसवून तो खर्च करण्यासारखे आहे. हा आक्षेप वरवरचा नाही. खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता, ही अट त्यांनीही घातलेली होती. अडचण अशी की हे नियम ठरत असताना बड्या कंपन्या प्रेक्षकांत बसलेल्या नसतात. नियम सैल राहावेत यासाठी त्या पैसा आणि वजन दोन्ही वापरतात. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या हितसंबंधीयांच्या सिद्धांतात कामगार, ग्राहक, पुरवठादार व स्थानिक समाज यांना भागधारकांच्या जोडीला बसवले आहे. मात्र या सर्वांचे हित एकमेकांशी भिडले तर कोणाचे आधी पाहायचे, याचे नेमके उत्तर त्यातून मिळत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत संघर्षाचे मूळ बाह्य खर्चात आहे. कारखान्याचा जो खर्च त्याच्या वहीत न येता दुसऱ्याच्या अंगावर पडतो, तेवढा नफा फुगलेला दिसतो. ढाक्याजवळील सावर येथील राणा प्लाझा या आठमजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे-कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांना कामावर बोलावले. इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. एकाच छताखाली, एकाच भेगांकडे पाहून दोन वेगळे निर्णय झाले. कारखान्यांवर परदेशी ब्रँडच्या मुदतींचा आणि उतरत्या दरांचा दाब होता, आणि त्या ब्रँडच्या हिशेबात ही इमारत कोठेच नव्हती. त्यानंतर महिन्याभरात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेबाबत कायद्याने बंधनकारक करार झाला. ऐच्छिक आचारसंहिता आणि तपासण्या तर आधीपासून होत्याच.

जबाबदारीने वागल्यास नफाही वाढतो, हे वाक्य व्यवस्थापनाच्या वर्गांत आवडीने सांगितले जाते. उपलब्ध अभ्यासांतून या दोहोंत सौम्य अनुकूल संबंध दिसतो, पण जबाबदार कंपन्या नफ्यात येतात की नफ्यातल्या कंपन्यांनाच जबाबदारी परवडते, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय जे फायद्याचेच आहे ते करण्यासाठी वेगळ्या जबाबदारीची भाषा लागत नाही. कस लागतो तो तोटा सोसावा लागतो तेथे.

कायद्याने हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी हाताळला आहे. भारताच्या कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, हे मात्र हे कलम विचारत नाही. फ्रान्सने २०१७ मध्ये नेमके तेच विचारले : मोठ्या कंपन्यांनी आपल्या उपकंपन्या व पुरवठादार यांच्याकडील मानवी हक्कांचे व पर्यावरणाचे धोके शोधून त्यांवर उपाययोजना जाहीर करणे तेथे सक्तीचे झाले. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात संचालकांनी कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचा विचार करावा असे म्हटले आहे, परंतु तो भागधारकांच्या हितासाठी कंपनी यशस्वी करण्याच्या चौकटीतच.

मोजमापाची बाजू कच्ची राहिली आहे. नफ्यासोबत माणसे आणि पृथ्वी यांचाही ताळेबंद मांडावा, ही कल्पना जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये मांडली. ती निव्वळ हिशेबाचे साधन होऊन बसल्याचे पाहून, सदोष माल परत मागवावा तशी ती आपण मागे घेत आहोत, असे त्यांनीच २०१८ मध्ये जाहीर केले.

अलीकडे लक्ष पुन्हा मालकीच्या रचनेकडे वळले आहे. दानोन या फ्रेंच खाद्यकंपनीच्या भागधारकांनी जून २०२० मध्ये ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी सामाजिक उद्दिष्टे कंपनीच्या नियमावलीत घातली. त्यानंतर नऊ महिन्यांत, शेअरचा भाव मागे पडल्याने अस्वस्थ झालेल्या गुंतवणूकदारांच्या दबावाखाली, ही दिशा ठरवणारे प्रमुख एमान्युएल फाबेर यांना पदावरून दूर करण्यात आले. जर्मनीतील झाइस या भिंगांच्या कारखान्याने वेगळा मार्ग धरला होता. भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८८९ मध्ये प्रतिष्ठान स्थापून पुढे आपला हिस्सा त्याच्या नावे केला. प्रतिष्ठानाच्या १८९६ च्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, कामगारांचे हक्क लिहून ठेवले, आणि १९०० मध्ये तेथे आठ तासांचा दिवस लागू झाला. कंपनीची मालकी आजही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे, आणि त्याला आपले शेअर विकण्याची मुभा नाही.